रात्री पावणेतीनला कोणी जागे आहे का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार येतो आहे, तो म्हणजे गावोगावच्या लेकुरवाळ्यांचे मोबाइलवरचे ग्रुप. त्यांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे आणि काही पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय २६ आहे. माहेर वर्धा जिल्ह्यातले आणि सासर घाटंजी तालुक्यातले. मोठी मुलगी चार वर्षांची आहे, धाकटा मुलगा पाच महिन्यांचा. अंगणवाडीतल्या माता बैठकीतून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला आणि आता त्यात आर्णी, दारव्ह्याकडच्या बायकाही धरून साठ-पासष्ट जणी आहेत. बाळ दीड महिन्याचे असताना एका रात्री पावणेतीन वाजता ते काही केल्या राहीना. त्या आठवड्यात कृषिपंपाची वीज रात्रीची होती, त्यामुळे यजमान ओलितासाठी शेतात गेले होते. सासूबाईंना उठवायचा धीर झाला नाही. मी ग्रुपवर एवढेच लिहिले, "कोणी जागं आहे का?" मिनिटभरात आर्णीकडच्या एकीचे उत्तर आले, "मी आहे. माझं आत्ताच निजलं. काय झालं?" आम्ही तासभर लिहीत बसलो, आणि बाळ माझ्या खांद्यावर केव्हा झोपले ते मला कळलेच नाही. तिला मी अजून पाहिलेले नाही, तरी या गावात तिच्याइतके जवळचे मला कोणी वाटत नाही. सासूबाईंना मात्र हा ग्रुप डोळ्यांसमोर नको असतो. ऊन वाढल्यापासून बाळाला पाणी पाजावे असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ग्रुपवर सगळ्यांनी पाणी नको असे सांगितले. ते मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी घरात बसली असतानी तू परक्या बायायले काहून इचारतं? माहे पाच लेकरं काय मोबाइलनं मोठे झाले?" तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. न पाहिलेल्या बाईची मैत्री खरी मानावी का, आणि घरातले हे कसे निभवावे?

उत्तर : पाण्याचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, आणि यात आपल्याकडचा मे महिनाही आला. आईच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते. उन्हाच्या दिवसांत बाळ अधिक वेळा पिऊ लागते, तेव्हा त्याला मागेल तितक्या वेळा पाजावे आणि पाण्याचा तांब्या आपल्या स्वतःच्या उशाशी ठेवावा. वरचे पाणी पाजले की एवढेसे पोट पाण्याने भरते, दूध कमी जाते आणि त्या पाण्यातून हगवण लागण्याची धास्ती राहते ती वेगळीच. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर त्याला दूध पुरते आहे असे समजावे. गुटीसोबत मध चाटवण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही थांबवा, कारण एक वर्षाच्या आत मध देऊ नये.

म्हणजे ग्रुपवरच्या बायकांचे बरोबर होते. तरीही ते मोबाइल समोर धरून वाचून दाखवण्यात तुमची चूक झाली, असे मला वाटते. सासूबाईंचे वाक्य तुम्ही पत्रात त्यांच्याच शब्दांत लिहिले हे बरे केले, कारण त्यात पाण्याचा उल्लेखच नाही. "मी घरात बसली असतानी" हे त्यातले खरे शब्द आहेत. पाच लेकरे वाढवलेल्या बाईला पासष्ट अनोळखी बायकांचा निकाल ऐकवला गेला आणि तिच्या बाजूने बोलायला त्यात कोणी नव्हते. यापुढे असा प्रसंग आला तर ग्रुपचा हवाला देऊ नका. लसीकरणाच्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या आणि पाण्याची गोष्ट त्यांनाच नर्सबाईंना विचारू द्या. नर्सबाईंनी सांगितलेले त्या घरी येऊन स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगतील आणि तुम्ही ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकून घ्या. याला कोणी लबाडी म्हणेल, पण मी २९ वर्षे आरोग्य उपकेंद्रावर काम केले आहे आणि अशी लबाडी मी अनेक घरांत स्वतः शिकवली आहे. शिवाय महिनाभरात उष्टावण येते आहे. ते सासूबाईंच्या हातून करा आणि त्यानंतर बाळाला काय भरवायचे याचा कारभार त्यांच्याकडे द्या. एवढी एकच गोष्ट नक्की करून घ्या, की वरणाचे नुसते वरचे पाणी न देता घट्ट वरण, मऊ भात आणि त्यावर थोडे तूप किंवा तेल असे भरवले जाईल.

आता मैत्रीविषयी. आर्णीकडच्या त्या बाईने त्या रात्री तुम्हाला कोणतेही औषध सांगितले नाही, उपाय सांगितला नाही, ती फक्त तुमच्यासोबत जागी राहिली. ही मैत्री खरी नाही असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. पूर्वी हे काम आपल्याकडे जात्याने केले. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, जात्याची घरघर सुरू झाली की आतले बोलणे बाहेर जात नसे, आणि जे बोलता येत नसे ते ओवीत घालता येई. विहीर होती, हापसा होता, गिरणीवर डबे ठेवून नंबर येईपर्यंतचा तास होता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत, आणि त्या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी भर अंगणात, सासूच्या देखत, हसत हसत गाता येत. आता नळ घरात आला, दळणाचा डबा मोटरसायकलवर जातो, आणि नवी सून दिवसभर ओसरी व स्वयंपाकघर यांच्यातच फिरते. नळ बंद करून विहिरीवर जा असे मी म्हणणार नाही, कारण ते पाणी ओढताना पोटुश्या बायकांचे काय हाल होत ते मी पाहिले आहे. पण त्या नळाबरोबर बायकांची बोलण्याची जागा गेली हेही खरे आहे, आणि ती जागा तुम्ही मोबाइलवर शोधून काढली.

तरी एक हिशेब मनात ठेवा. आर्णीची मैत्रीण रात्री पावणेतीनला तुमच्यासोबत जागू शकते, परंतु तुम्ही तापाने फणफणल्यावर ती चार वर्षांच्या मुलीची वेणी घालायला येऊ शकत नाही. त्यासाठी भिंतीपलीकडची बाई लागते, मग ती तुम्हाला कितीही कमी समजून घेत असो. शेजारणीकडे तुम्ही शेवटचे काही मागितले, त्याला किती दिवस झाले? मागितल्याशिवाय शेजार जुळत नाही, म्हणून वाटीभर साखरेपासून सुरुवात करा. आर्णीच्या मैत्रिणीला एकदा फोन लावून तिचा आवाज ऐका आणि दोघींचे यवतमाळला काम निघेल तेव्हा बसस्थानकावर अर्धा तास भेटा. अशा भेटीत पहिली दहा मिनिटे दोघी अवघडतात, हेही आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मी वरूड तालुक्यातल्या ११२ जणींच्या ग्रुपची ॲडमिन आहे. मागच्या महिन्यात एकीच्या साडेतीन महिन्यांच्या बाळाला लस दिल्यावर ताप आला. दुसरीने लिहिले की तापाचे औषध अडीच एमएल द्या, मी माझ्या मुलाला तेवढेच देते. हिने घरात होते ते औषध तेवढे दिले आणि बाळाला रात्री रुग्णालयात न्यावे लागले. एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्याला घरी सोडले, पण ग्रुपमध्ये भांडण पेटले आणि वीस-पंचवीस जणी बाहेर पडल्या. त्यातच एकीने सासूविषयी लिहिलेल्या चार ओळींचा स्क्रीनशॉट तिच्या घरी पोहोचला. ग्रुप बंद करावा असे वाटू लागले आहे.

उत्तर : ग्रुप बंद करू नका. आधी त्या अडीच एमएलमध्ये काय घोटाळा झाला असावा ते समजून घ्या, कारण हा घोटाळा मी उपकेंद्रावर अनेकदा पाहिला आहे. तापाचे तेच पॅरासिटामॉल बाजारात ड्रॉप म्हणून मिळते आणि सिरप म्हणूनही मिळते. ड्रॉपच्या एका एमएलमध्ये साधारणपणे १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या लहान मुलांच्या सिरपमध्ये पाच एमएलला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका एमएलला अवघे २५ मिलिग्रॅम. सल्ला देणारीच्या घरात सिरप असेल आणि ऐकणारीच्या घरात ड्रॉप, तर आकडा तोच राहून औषध चौपट जाते. शिवाय मात्रा ठरते ती बाळाच्या वजनावर, आणि हिच्या बाळाचे वजन काय हे सल्ला देणारीला ठाऊक असण्याचे कारण नाही. दोघींपैकी कोणीही वाईट बाई नाही. एकीने आपुलकीने सांगितले, दुसरीने विश्वासाने ऐकले, आणि धोका नेमका तेथेच होता.

म्हणून ग्रुपवर औषधाचे नाव आणि मात्रा लिहायची नाही, हा एक नियम कडक ठेवा. सिस्टरने किंवा डॉक्टरांनी आपल्या मुलाला दिलेल्या चिठ्ठीचा फोटोही टाकायचा नाही. जुलाब लागल्यावर जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावे, अर्धे पाकीट अर्ध्या ग्लासात असे अंदाजाने करू नये, आणि आशाताईंकडून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात, एवढे मात्र खुशाल सांगा, कारण ते प्रत्येक घरात सारखेच आहे. बाळ दूध ओढत नसेल, हाक मारून किंवा हलवूनही नीट जागे होत नसेल, झटके येत असतील, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा अंग गार पडले असेल, तर त्यावर ग्रुपवर चर्चाच होऊ देऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी हेच लागू आहे. असा संदेश दिसला की ॲडमिनने त्या बाईला फोन लावावा, १०२ किंवा १०८ वर गाडी मागवली का ते विचारावे, आणि मागवली नसेल तर तिच्या गावातल्या सदस्यांपैकी कोणाला तरी तिच्या दारात पाठवावे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत मिळते, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते आणि पैशांच्या विचारात रात्र निघून जाते.

स्क्रीनशॉटविषयी मी थोडे कडवट बोलणार आहे. ११२ बायका जेथे आहेत ती सभा होते, आणि सभेत सासूचे गाऱ्हाणे सांगितले तर ते सासूच्या कानी जाणारच. आपल्या तालुक्यांत प्रत्येक जण प्रत्येकाचा कोठून तरी व्याही निघतो. ठरावीक मुदतीनंतर संदेश आपोआप पुसण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, २४ तास, सात दिवस किंवा ९० दिवस असे त्यात निवडता येते, परंतु तेवढ्या वेळात कोणी फोटो काढून ठेवला तर त्या पुसण्याचा काही उपयोग नाही. मोठा ग्रुप लसीकरणाचा दिवस, पोषण आहार आला की नाही, सिस्टर सुटीवर आहेत का, अशा सूचनांसाठी असू द्या. मनातले बोलण्यासाठी एकमेकींना ओळखणाऱ्या आठ-दहा जणींचे वेगळे गट होऊ द्या आणि त्यांत ॲडमिन म्हणून तुम्ही नसलात तर अधिक चांगले. बचत गटात दहा ते वीस बायका का ठेवतात याचा विचार करा. त्याहून जास्त झाल्या की कोणाचा हप्ता का चुकला हे विचारण्याइतकी ओळख उरत नाही.

बाहेर पडलेल्यांची मनधरणी करू नका. ज्या बाईने अडीच एमएल लिहिले, तिला मात्र आजच फोन करा. पत्रात तिच्याविषयी तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि माझा अंदाज असा आहे की या सगळ्यात सर्वांत जास्त रात्री तिनेच जागून काढल्या असतील.

प्रश्न : आमच्या घरी मोबाइल एकच आहे आणि तो मुलांच्या वडिलांजवळ असतो. धानोरा तालुक्यात आमच्या गावी रेंजही नदीकडच्या चढावर जाऊनच मिळते. संध्याकाळी ते आल्यावर पंधरा मिनिटे मला मोबाइल मिळतो, तोवर ग्रुपवर शंभर संदेश पडलेले असतात. मी या ग्रुपमध्ये आहे असे म्हणायचे का?

उत्तर : म्हणायचे, आणि तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्के निघाल्या होत्या, आणि खेड्यांत कधी ना कधी इंटरनेट वापरलेली स्त्री चारांत जेमतेम एक होती. शंभर संदेश वाचू नका. ग्रुपमधल्या एकीला सांगून ठेवा की कामाचे असेल ते तिने तुम्हाला वेगळे, स्वतःच्या आवाजात पाठवावे, म्हणजे पंधरा मिनिटांत ऐकून होईल. मोबाइल यजमानांचा आहे हेही तिला आधी सांगा, म्हणजे काय पाठवायचे नाही ते तिला कळेल.

तुम्ही गडचिरोलीच्या आहात म्हणून आणखी एक आठवण करून देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तुमच्याच जिल्ह्यात ३९ गावांतल्या बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवले, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्यामागे हेच काम आहे. शेजारची शिकवलेली बाई दारात येण्याला रेंज लागत नाही. आशाताई आल्या की त्यांना पाट द्या, चहा ठेवा आणि पंधरा मिनिटे तेथे वसूल करा.

प्रश्न : ग्रुपवर ओळख झालेली एक मैत्रीण आहे, ती तेल्हाऱ्याकडची आणि मी बाळापूरकडची. तिची मुलगी तीन महिन्यांची आहे. आधी ती दिवसातून दहा वेळा लिहायची, आता पंधरा दिवस गप्प आहे. परवा रात्री तिने मला एकटीला लिहिले, "माझ्याशिवाय लेकरू जास्त चांगलं राहील." सकाळी तो संदेश तिने पुसून टाकला आणि कोणाला सांगू नको म्हणाली. मी शब्द दिला आहे. काय करू?

उत्तर : हे पत्र हाती पडले तेव्हा तुम्हाला लगेच उत्तर कळवले होते, तरी इतरांसाठी येथेही देत आहे. दिलेला शब्द मोडा. तिला फोन करा, लिहू नका, आणि स्पष्ट विचारा : "स्वतःचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, उलट विचारल्याने बाई बोलू लागते. ती बोलेल तेव्हा "असं बोलू नये", "लेकराकडे बघ", "आमचं नाही का झालं" यांपैकी काहीही म्हणू नका. ऐका आणि फोन ठेवण्यापूर्वी घरात तिच्याजवळ आत्ता कोण आहे ते विचारून घ्या.

त्यानंतर तिच्या घरातल्या एका माणसाला सांगा. सासर कसे आहे ते ठाऊक नसेल तर माहेरची आई किंवा बहीण गाठा. तिला एकटी ठेवू नये आणि घरातले फवारणीचे औषध व गोळ्या कुलपात, तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. शेतकऱ्याच्या घरात हे औषध बहुधा ओसरीच्या कोपऱ्यात पडलेले असते, म्हणून हे शब्दांत सांगा, इशाऱ्यांत नको. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा, क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. त्यावर तुम्ही स्वतःही तिच्यासाठी काय करावे असे विचारू शकता. तुमच्या आशाताईंमार्फत तिच्या गावच्या आशाताईंचा क्रमांक मिळतो. यात तुमची ओळख उघड झाली तरी होऊ द्या, मैत्रीण चार महिने रागावली तरी चालेल.

बाळंतपणानंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उगाच रडू येणे बहुतेक जणींना होते आणि ते आपोआप ओसरते. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळ झोपले असतानाही झोप लागत नसेल, बाळाकडे पाहून काहीच वाटत नसेल किंवा आपण आई म्हणून नालायक आहोत असेच सारखे वाटत असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. आपल्याकडे या बाईला बाहेरची बाधा झाली म्हणतात किंवा नखरे करते म्हणतात. पहिल्यात निदान घरचे धावपळ तरी करतात, दुसऱ्यात तिला पुन्हा चुलीपुढे बसवतात, म्हणून मला दुसऱ्याची अधिक भीती वाटते.

तुम्ही पत्रात लिहिले आहे की आधी ती दिवसातून दहा वेळा लिहायची. हे तुमच्या ग्रुपमध्ये आणखी कोणाच्या लक्षात आले होते का? दहा जणींनी आपापसांत दोन-दोन नावे वाटून घेतली आणि त्या दोघी चार दिवस गप्प राहिल्या तर तिसऱ्या बाईला न विचारता फोन लावायचा असे ठरवले, तर पंधरा दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

(ताजा कलम : या वाचक भगिनीने कळवले आहे की मैत्रीण सध्या माहेरी आहे आणि तिचे उपचार सुरू झाले आहेत.)

प्रश्न : मी ६१ वर्षांची सासू आहे. भंडारा जिल्ह्यात आमची धानाची शेती आहे. नात सात महिन्यांची आहे. सून दिवसभर तिच्या आयांच्या ग्रुपवर असते आणि मधूनच एकटी हसते. मलाही मोबाइल येतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवर मी आहेच. मला तिच्या ग्रुपमध्ये घ्यायला सांगावे का? मुले वाढवण्याचे मला तिच्याहून जास्त कळते.

उत्तर : नका सांगू. ती तेथे तुमच्याविषयी काही बोलत असेल का, ही शंका पत्राच्या मागे आहे असे मला वाटते, तर ती बोलत असणार असे धरूनच चाला. रोवणीच्या बांधीत वाकल्या वाकल्या तुम्हीही तुमच्या सासूविषयी चार शब्द बोललाच असाल आणि त्यानंतर संध्याकाळी तिच्याच पुढ्यात जेवायचे ताट वाढले असेल. त्या चार शब्दांमुळे ताट वाढायचे राहिले नाही. सुनेलाही तेवढी बांधी असू द्या.

तुम्हाला जास्त कळते हे खरे आहे, पण सुनेला सल्ल्याची टंचाई नाही, तिला झोपेची टंचाई आहे. तिच्या ग्रुपवर रात्री दीड ते चार या वेळेत किती संदेश पडतात ते तिला सहज विचारून पाहा. तुम्हाला या वयात पहाटे चारला जाग येतच असेल. उद्यापासून नात पाजून झाली की तिला आपल्या बाजेवर घ्या आणि सहा वाजेपर्यंत सुनेला उठवू नका. निजताना तिचा मोबाइल हातातून गळून पडलेला असेल, तो न पाहता चार्जिंगला लावून ठेवा.